आइसलंड, सहारा आणि एक कॉमन भिंत

आइसलंड किंवा सहारा यांच्याशी माझं कधीही वाकडं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली आमच्या सोसायटीत डाव्या जिन्याचे लोक मला सहारावाला समजतात आणि उजव्या जिन्याचे लोक आइसलंडचा हस्तक. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करतो. दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि शेवटी दोघांनाही नाराज करायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योगच आहे. पण ऑफिसात त्यासाठी एक टेबल असतं आणि मध्ये काच असते. सोसायटीत काच नसते.

सगळ्याला सुरुवात झाली ती माझ्या साडूंमुळे. बायकोची बहीण आणि तिचे मिस्टर चार दिवस राहायला आले होते. साडू माणूस चांगला, पण त्यांना प्रत्येक गोष्टीतलं कळतं. आल्या आल्या त्यांनी आमचा फ्रिज चुकीच्या भिंतीला असल्याचं सांगितलं. जेवताना माझा पगार चुकीच्या बँकेत जमा होत असल्याचं सांगितलं. संध्याकाळी ते माझ्या घोरण्याच्या दिशेबद्दल बोलायला लागले, तेव्हा मी "जरा वाचनालयात जाऊन येतो" म्हणून उठलो. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चंद्रावर जाऊन येतो म्हणालो. या सोसायटीत राहायला आल्यापासून मी वाचनालयात पाऊल ठेवलं नव्हतं.

आमचं वाचनालय म्हणजे तळमजल्यावरची, दोन जिन्यांच्या मधली एक खोली. तिला दोन दारं. एक डाव्या जिन्याकडे उघडतं, दुसरं उजव्या जिन्याकडे. आत एक लांब टेबल, त्याभोवती खुर्च्या, एक उंच कपाट, कुरकुरणारा एक पंखा आणि भिंतीवर 'कृपया शांतता राखा' अशी पाटी. पाटीखाली मास्तर बसले होते.

मास्तर म्हणजे निवृत्त इतिहास शिक्षक. रोज संध्याकाळी ते खोली उघडतात, सगळ्या खुर्च्या फडक्याने पुसतात, आणि मग त्यातल्या एका खुर्चीवर बसतात. बाकीच्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसायला तयार होतात. मला पाहून ते इतक्या लगबगीने उठले, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या, या! बसा. कुठेही बसा, सगळ्या रिकाम्याच आहेत," ते म्हणाले. मग वर पाटीकडे बघत हसले. "ही पाटी तेवढी काढून टाकावी म्हणतो. शांत बसा म्हणून सांगायचं कोणाला? पंख्याला?"

मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "हल्ली कोणी येत नाही वाटतं?"

"रविवारनंतर मीही येणार नाही," मास्तर म्हणाले. "सभेत विषय आहे. खोली व्यायामशाळेला द्यायची."

व्यायामशाळा हा शब्द जरा मोठा झाला. अध्यक्षांच्या जावयाने त्यांना एक ट्रेडमिल भेट दिलं होतं. ते अध्यक्षांच्या झोपायच्या खोलीत उभं होतं. त्यावर कोणी चालल्याचं पाहण्यात नव्हतं, पण अध्यक्षीणबाई त्यावर कपडे वाळत घालत आणि अंधारात अध्यक्षांच्या पायाचं बोट त्याला आपटे. जावयाची भेट, टाकता येत नाही. तेव्हा ती सोसायटीला अर्पण करून पुण्य पदरात पाडून घ्यायचं, असा बेत होता.

"मग तुम्ही घरी बसून वाचाल," मी म्हणालो. माणूस बोलून जातो.

"घरची माणसं चांगली आहेत हो," मास्तर म्हणाले. "मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. पण जागा लहान आहे. मी जिथे बसतो, नेमकं तिथेच कोणाला तरी काहीतरी हवं असतं. मी उठतो, ते घेतात, मी बसतो. मग दुसऱ्याला हवं असतं. दिवसभर माझं उठणं-बसणं चालू असतं. इथे मला कोणी उठवत नाही."

हे ते तक्रारीच्या सुरात बोलले असते तर मी ऐकून सोडून दिलं असतं. तक्रारी ऐकून सोडून देण्याचा मला पगार मिळतो. पण ते अगदी सहज बोलले आणि फडकं घेऊन माझ्यासमोरचं टेबल पुसायला लागले. मला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की माझ्या तोंडून जे दोन शब्द निघतात, ते निघाले. मी म्हणालो, "मी बघतो."

घरी येऊन सांगितल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही 'मी बघतो' म्हणालात, की ते शेवटी मला बघावं लागतं." साडू म्हणाले, की ट्रेडमिलवर उलटं चालणं गुडघ्यांना जास्त चांगलं.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष दुष्ट नाहीत. एका कारखान्याच्या स्टोअरमधून ते निवृत्त झाले आहेत आणि वस्तू जागच्या जागी असली पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह असतो. माणसं हीसुद्धा त्यांच्या हिशेबी वस्तूंतच मोडतात.

"हे बघा," ते म्हणाले, "वाचनालयाला दोन गोष्टी लागतात. पुस्तकं आणि वाचणारे. आपल्याकडे पुस्तकं नाहीत आणि वाचणारे नाहीत. मग उरलं काय? मास्तर. मास्तरांना आपण गेटजवळ बाकडं देऊ. हवेशीर जागा आहे."

"आणि पुस्तकं आणि वाचणारे दाखवले तर?"

"रविवारी सभेच्या आधी त्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या दाखवा, विषय मागे घेतो," अध्यक्ष म्हणाले, आणि उठून आत जाताना त्यांच्या पायाचं बोट ट्रेडमिलला आपटलं. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आलं.

आता लोकांना खोलीत आणायचं तर कार्यक्रम हवा, आणि कार्यक्रम हवा तर विषय हवा. मी आणि मास्तरांनी कपाट उघडलं. फार पूर्वी मास्तरांनी दारोदार फिरून, एकेकाला गळ घालून, सोसायटीसाठी जगाच्या इतिहासावरची एक ग्रंथमाला घेतली होती. हिरवी कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. काही खंड प्रदेशांवर, काही विषयांवर: व्यापार, प्राणी, समुद्रप्रवास, हवामान असे. एकेकाळी दोन फळ्या त्यांनीच भरलेल्या होत्या. आता वरच्या फळीवर दोनच खंड एकमेकांना टेकून उभे होते. एक आइसलंड, एक सहारा.

"बाकीचे?"

"वाचायला नेले लोकांनी," मास्तर म्हणाले. "आइसलंडचा घोडा एकदा देशाबाहेर गेला की त्याला परत येऊ देत नाहीत, असा तिथे कायदा आहे. आपली पुस्तकं त्या जातीची."

"मग हे दोन कसे राहिले?"

"इथे कोणाला जायचंय? एकीकडे गारठा, एकीकडे रखरखाट. त्यामुळे वाचले."

म्हणजे जगात प्रदेश पुष्कळ होते, पण आमच्याकडे दोनच शिल्लक होते. त्यामुळे कार्यक्रमाचं नाव आपोआप ठरलं: 'आइसलंड आणि सहारा : इतिहास व संस्कृती यांची एक तुलना'. तुलनाकार म्हणून माझं नाव. ते मी स्वतः सुचवलं, हे कबूल करतो, पण मास्तरांनीही विरोध केला नाही.

पुढचे दोन दिवस मी जीव ओतून काम केलं. दोन मोठे कागद घेतले आणि तक्ते केले. आइसलंडच्या तक्त्यावर लिहिलं, की तिथल्या लोकांनी हजार वर्षांपूर्वी उघड्या माळावर लोकसभा भरवायला सुरुवात केली. समोर लिहिलं, की सहाराच्या कडेला टिंबक्टू नावाचं शहर विद्वानांनी गजबजलेलं होतं. इकडे ज्वालामुखी, तिकडे वाळवंट. इकडे हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी सगळं घर लोकर विणत बसायचं आणि एकजण मोठ्याने पोथी वाचायचा. तिकडे उंटांचे तांडे मिठाच्या लाद्या घेऊन निघायचे. सहारा पूर्वी हिरवागार होता आणि तिथल्या कातळावर गुरांची चित्रं आहेत, हे वाचून तर मी इतका हरखलो, की ऑफिसात जळालेल्या दुकानाचा दावा तपासताना त्यावर 'पूर्वी हिरवे होते' असा शेरा मारून बसलो. तो साहेबांनी पाहिला. त्यावर झालेलं बोलणं इथे देत नाही.

तक्ते तयार झाले, पण ते टांगायचे कुठे? मी हातोडी घेऊन खोलीत गेलो, तर अध्यक्ष दारात.

"खिळा ठोकताय?"

"दोनच."

"भिंत कॉमन आहे," अध्यक्ष म्हणाले. "खिळा तुमचा खाजगी. खाजगी खिळा कॉमन भिंतीत जायचा तर अर्ज लागतो. अर्ज सचिवांकडे."

सचिव परगावी लेकीकडे गेले होते. त्यांच्या गैरहजेरीत त्यांचं काम अध्यक्षांकडे होतं. मी अर्ज तिथल्या तिथे अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनी तो सचिव म्हणून स्वीकारला आणि अध्यक्षांकडे पाठवतो म्हणून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष म्हणून त्यांना त्यात शंका निघाली. खिळ्याची लांबी नमूद नव्हती. मी लांबी कळवली. मग त्यांनी सचिव या नात्याने मला तोंडी सांगितलं, की अध्यक्ष जरा कडक आहेत, तुम्ही खिळ्याचा नाद सोडा. मला तर तोवर दोघांचाही राग यायला लागला होता.

शेवटी बायकोने मार्ग काढला. तिने कपडे वाळत घालायची दोरी एका दाराच्या वरच्या कडीला आणि दुसऱ्या दाराच्या कडीला बांधली आणि चिमट्यांनी तक्ते लटकवले. दोरीला अर्ज लागत नाही, कारण दोरीचा उल्लेख नियमात नाही. आइसलंडचा तक्ता डाव्या दारापाशी आला आणि सहाराचा उजव्या दारापाशी. त्यामागे कसलाही हेतू नव्हता. चिमटे तसे पुरले, इतकंच. पण घात तिथेच झाला.

आमच्या सोसायटीत डावा जिना आणि उजवा जिना यांच्यात उघड भांडण नाही. नुसता एक बारीकसा तिढा आहे. पाण्याचा दाब डावीकडे जास्त की उजवीकडे, इथपासून उजेड कोणाच्या बाजूचा चांगला, इथपर्यंत. त्या संध्याकाळी डाव्या जिन्याची माणसं डाव्या दारातून डोकावली आणि त्यांना समोर आइसलंड दिसलं. उजव्या जिन्याच्या माणसांना सहारा दिसला. बघता बघता लोक 'आमचं आइसलंड' आणि 'आपला सहारा' असं बोलायला लागले.

सर्वांत आधी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या डाव्या जिन्यावर तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघतात.

"भाऊजी, आमच्या तक्त्यावर ओळी कमी आहेत," त्या म्हणाल्या.

"तुमच्या?"

"आइसलंडच्या. सहाराला तुम्ही उंट वेगळा, मीठ वेगळं, चित्रं वेगळी धरलीत. आम्हाला मात्र ज्वालामुखी आणि बर्फ एकाच ओळीत कोंबलंत. हा न्याय झाला का?"

मी ओळ फोडून दोन केल्या. लगेच उजव्या जिन्याचे बँकवाले काका खाली आले. बँकेत ते रोखपाल होते आणि अजूनही कुठलीही गोष्ट दोनदा मोजतात. त्यांनी दोन्ही तक्त्यांच्या ओळी बोटाने मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि माझ्याकडे दुखावल्या नजरेने पाहिलं. "तुम्ही आमच्याच जिन्यावर राहता," ते म्हणाले. "शेजारी म्हणून तरी काही वाटायला हवं होतं."

मी सहाराला एक ओळ वाढवली. मग आइसलंडला. तक्त्यांना खालून कागद जोडावे लागले. शनिवारपर्यंत दोन्ही तक्ते जमिनीला टेकले होते आणि जिन्यात लोक माझ्याशी अदबीने, म्हणजे कमी बोलायला लागले होते. घरी बायको सहाराच्या बाजूने झाली. साडू जायला निघाले होते, ते आइसलंडसाठी मुक्काम वाढवून बसले. मी मास्तरांना म्हणालो, "चुकलंच माझं. तुमच्यासाठी करायला गेलो आणि हे होऊन बसलं."

"अहो, दोन दिवसांत या खोलीत जितकी माणसं डोकावली तितकी मी वर्षानुवर्षं पाहिली नाहीत," मास्तर म्हणाले. "भांडायला का होईना, येतायत ना?" पण बोलताना त्यांचा हात त्या दोन खंडांवर होता, आणि उद्याच्या सभेनंतर ते खंड कुठे जातील, याचा विचार त्यांच्या मनात असावा. माझ्या मनात तर तोच होता.

रविवार उजाडला. मी तक्त्यांसमोर उभं राहून छोटंसं भाषण करणार, मग मास्तर बोलणार, मग सभा, असा कार्यक्रम होता. पण मी खोलीत पोहोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बर्फाच्या कारखान्यातून एक लादी आणून, मुलाच्या आंघोळीच्या टबात घालून, आइसलंडखाली ठेवली होती. "वातावरणनिर्मिती," त्या म्हणाल्या. हे बँकवाल्या काकांना जिन्यातच कळलं होतं. इमारतीच्या डागडुजीसाठी आणलेल्या ढिगातली वाळू त्यांनी पिशव्या भरभरून आणली आणि सहाराखाली पसरली. तिच्यावर पुठ्ठ्याचा एक उंट उभा केला. उंट त्यांनी स्वतः कापला होता आणि चेहऱ्याने तो त्यांच्यावर गेला होता.

माणसं येत गेली. डावीकडची डावीकडे बसली, उजवीकडची उजवीकडे. खुर्च्या भरत आल्या. दाराशी एक तेवढी रिकामी उरली. गर्दीने उकडायला लागलं, म्हणून साडूंनी मला न विचारता पंखा पूर्ण वेगात सोडला.

पुढचं फार भरभर झालं. सहारा उडून आइसलंडवर गेला. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत वाळू गेली. त्या बसल्या जागी धडपडल्या, त्यांचा पाय टबाला लागला आणि आइसलंड वितळून सहारात शिरलं. उंट आधी ओला झाला, मग गुडघ्यात वाकला. नेमके तेव्हाच सभेचे कागद घेऊन अध्यक्ष आत आले, ओल्या वाळूवरून सरकले आणि दाराजवळच्या त्या शेवटच्या खुर्चीत धपकन बसले. सगळ्या खुर्च्या भरल्या. अट पूर्ण झाली, असं मी ओरडणार होतो, पण त्या आवाजात माझं कोण ऐकणार?

"तुमच्या बर्फाने आमचा उंट बुडवला!" बँकवाले काका कडाडले.

"तुमचा उंट बुडतो, आमचे लोक समुद्र ओलांडून गेले!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अमेरिकेला सगळ्यांच्या आधी पोहोचले!"

"आमच्याकडे मिठाच्या विटांची घरं होती एका गावात. मिठाच्या! उंटाच्या कातड्याची छपरं!"

"कशावरून? काहीही सांगता!"

"काहीही? पुस्तकात आहे. थांबा, आणतोच."

काका तरातरा गेले आणि तरातरा परत आले. त्यांनी टेबलावर एक जाड पुस्तक आपटलं. पान उघडून बोट ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं, ओठ आवळले आणि म्हणाल्या, "असं? मग तुम्हीही थांबा." त्यांनीही जिना गाठला. आल्या त्या धापा टाकत, आणि त्यांनीही एक जाड पुस्तक आपटलं. माझी बायको म्हणाली, "उंटाला कमी लेखायचं काम नाही, आमच्याकडे अख्खा खंड आहे," आणि ती गेली. परत आली तेव्हा तिच्या हातातलं पुस्तक मी आकारावरून ओळखलं. आमच्या घरात त्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला असतो आणि रुमालावर टेलिफोन असतो. तो लाकडी पाट आहे, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

तिन्ही पुस्तकं शेजारी शेजारी पडली. तिन्ही हिरव्या कापडात बांधलेली. तिन्हींवर सोनेरी अक्षरं: व्यापार, समुद्रप्रवास, प्राणी.

आधी कोणाच्या लक्षात आलं सांगता येत नाही, पण आवाज एकेक करून बंद होत गेले. शेवटी फक्त पंखा कुरकुरत राहिला. डॉक्टरीणबाईंनी हळूच आपल्या पुस्तकावर पर्स ठेवली. मास्तर पाटीखालून उठले. टेबलापाशी आले. पर्स बाजूला करून त्यांनी 'समुद्रप्रवास' उचललं, पहिलं पान उघडलं. वाचनालयाचा जांभळा शिक्का पुसट झाला होता, पण होता.

"हे कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "लहान मुलं खुर्चीत खाली जातात हो. त्यांना उंच बसवायला... मास्तर, परत द्यायचंच होतं."

"आणि हे?"

"उशाखाली," काका म्हणाले. "मानेला बरं पडतं. पण रोज वाचतो थोडं. शपथेवर सांगतो."

माझ्या बायकोने तर कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, की लेकीचा पहिला फ्रॉक शिवताना 'प्राणी'च्या एका पानाचा साचा कापला होता. मी छताकडे पाहिलं. एवढ्या लोकांत आपल्या घराची अब्रू अशी फ्रॉकच्या मापाने जाईल, असं वाटलं नव्हतं.

मास्तर चिडतील असं सगळ्यांना वाटत होतं. निदान मला तरी त्यांनी चिडावं असं वाटत होतं. त्यांनी कापलेलं पान काढलं, उजेडासमोर धरलं आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आइसलंडमध्ये पूर्वी एक माणूस जुन्या पोथ्या गोळा करत शेतकऱ्यांच्या घरोघर हिंडला," ते म्हणाले. "त्या लोकांनी पोथ्या जपल्या होत्या, पण कशा? अहो, एका पोथीच्या पानाचा अंगरख्याचा साचा कापलेला होता. अस्सा. आणि टिंबक्टूच्या लोकांनी आपले ग्रंथ घरातल्या पेट्यांत ठेवले, काहींनी तर वाळूत पुरले. बापाने मुलाला दिले, मुलाने नातवाला. एकीकडे बर्फ, एकीकडे वाळू. एकमेकांचं तोंडही या लोकांनी पाहिलं नाही. पण पुस्तकं दोन्हीकडे घराघरांतच तगली. तुम्ही दोन दिवस ओळी मोजताय ना? ही एक ओळ दोन्ही तक्त्यांवर लिहा."

मग त्यांनी तिन्ही खंड छातीशी धरले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मला वाटत होतं, ही रद्दीत गेली."

लोक उठले. मला वाटलं, शरमेने घरी निघाले. पण दोन्ही जिन्यांवर पावलं वाजली, दारं वाजली, वर कोणीतरी कपाट ओढत असल्याचा आवाज आला, आणि माणसं परत यायला लागली. कोणाच्या हातात कुंडीखालचा खंड, त्याला गोल डाग. कोणाचा पाळण्याच्या पायाखालचा. एका आजींनी आणलेल्या खंडात वाळलेली फुलं होती, ती त्यांनी काढून घेतली नाहीत. मास्तर एकेक खंड घेत, पुसत आणि कपाटात त्याच्या जागी उभा करत. कोणाचंही नाव त्यांनी विचारलं नाही. फळ्या भरत चालल्या तसे डाव्या-उजव्या जिन्याचे लोक एकमेकांत मिसळून कपाटासमोर उभे राहिले. मी पायाला लागलेली ओली वाळू झटकायच्या निमित्ताने खाली वाकलो.

शेवटी एकच फट राहिली. मास्तरांनी तिच्यात बोट घालून पाहिलं. "हवामान," ते म्हणाले. "ते तेवढं राहिलं. असू द्या. पुष्कळ झालं."

अध्यक्ष आपल्या बुटांकडे बघत होते. मग उठले आणि बाहेर गेले. आता हे वर जाऊन ट्रेडमिल खाली आणायला माणसं बोलावणार, असं मला वाटलं. मास्तरांनाही वाटलं असावं, कारण ते त्यांच्या नेहमीच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

इतक्यात वरच्या खिडकीतून अध्यक्षीणबाईंचा आवाज आला. "अहो! मशीन डुगडुगायला लागलंय! त्याखालचं काय काढलंत?"

अध्यक्ष आत आले. त्यांच्या हातात 'हवामान' होतं, आणि त्याच्या हिरव्या कापडावर एक चौकोनी खड्डा पडला होता. "मशीनचा एक पाय आखूड आहे," ते म्हणाले, सर्वांना उद्देशून, जणू सभेत अहवाल देत होते. मग मास्तरांकडे वळले आणि त्यांचा आवाज उतरला. "वस्तू जागच्या जागी असावी. हे घ्या."

मास्तरांनी खंड घेतला आणि शेवटची फट भरली. दोन फळ्या हिरव्यागार दिसायला लागल्या.

"व्यायामशाळेचा विषय मागे घेतलाय," अध्यक्ष म्हणाले. "तसंही ते मशीन आता उभं राहत नाही."

सभा तिथेच झाली आणि लवकर आटोपली. पण लोक घरी जाईनात. काकांनी 'हवामान' काढून आइसलंडमध्ये पाऊस किती पडतो ते शोधायला घेतलं. डॉक्टरीणबाई त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागल्या आणि दोघांचं लगेच वाजलं. माझे साडू 'व्यापार' उघडून अध्यक्षांना मीठ कसं साठवावं ते समजावत होते. अध्यक्ष म्हणत होते, की त्यांनी स्टोअर सांभाळलंय. बायको 'प्राणी'ची भोकं असलेली बाजू लपवत उंटाचं चित्र आजींना दाखवत होती. आजी मोठ्याने विचारत होत्या, की हा पाणी पितो कधी? दोन्ही दारांतून आणखी माणसं आत येत होती, बोलत, खुर्च्या ओढत. त्या गलक्यात कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं.

मी मास्तरांना शोधलं. ते पाटीखाली उभे होते. सगळी खोली त्यांनी एकदा डोळे भरून पाहिली. मग खिशातून पेन्सिल काढली, ताठ झाले, आणि 'कृपया शांतता राखा' या पाटीवर त्यांनी पेन्सिल जोरजोरात वाजवली.

"अहो, शांतता राखा!" मास्तर ओरडले, आणि त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलून आला होता.